बसक्या आवाजाची अशरफी

आमच्या घरात नाणं दिसण्याआधी ऐकू यायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी सराफ्यातलं दुकान बंद करून पुंडलिकनगरला परतत, हातपाय धूत आणि बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून दिवसभरात आलेली जुनी नाणी एकेक करून तपासत. डाव्या हाताच्या बोटाच्या टोकावर नाणं आडवं तोलायचं आणि दुसऱ्या नाण्याची कड त्याला हलकेच लावायची. त्या ठोक्यापेक्षा ठोक्यानंतर जे हवेत रेंगाळतं, ते ऐकायचं. चांगल्या सोन्याच्या अशरफीचा आवाज बारीक होत होत जातो आणि तो नेमका कुठे संपला हे सांगता येत नाही. मातीच्या चुलीवरून आम्ही तेव्हा नुकतेच गॅसवर आलो होतो. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा, बाहेरून नाण्याचा. आजही कुठे भाकरी थापली जात असली की माझे कान त्या दुसऱ्या आवाजाची वाट बघतात.

अण्णांचा धंदा जुनी नाणी घेण्याचा आणि देण्याचा. कुणी निजामाच्या काळातली अशरफी आणायचं, कुणी गळ्यातल्या माळेची पुतळी. त्यांनी मला दुकानात बसवलं तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नाणं हातात आल्यावर दोन प्रश्न विचारायचे आणि त्यांची गल्लत कधी करायची नाही. पहिला प्रश्न, हे नाणं खरं आहे का. दुसरा, ते कशातून गेलं आहे. झीज, ओरखडे, कडी लावल्याची खूण, घासून उजळलेली बाजू, हे सगळं दुसऱ्या प्रश्नात येतं. ते बघून भाव कमी करावा, पण त्यावरून नाण्याला खोटं म्हणू नये. आणखी एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. झिजलेल्या नाण्याचा उंच भाग जातो, पण खोलगट जागेतली रेघ तीक्ष्ण राहते. साच्यात ओतलेल्या नाण्यात मात्र सगळंच सारखं बोथट असतं. म्हणून अशरफीवर चारमिनार असेल तर त्याच्या कमानीत भिंग लावून बघायचं, तिथल्या छोट्या अक्षराची धार शाबूत आहे का ते. कसोटीच्या दगडावर दागिना घासावा, नाणं घासायचं नाही. घासलं की त्याची किंमत आपण आपल्या हातानं मारली. हे सगळं मला पाठ होतं. इतकं पाठ होतं की पुढे त्याची गरजच पडत नाही असं मला वाटू लागलं.

दादाचं लग्न झालं आणि मंगलवहिनी घरात आली, तेव्हा मी कॉलेज अर्धवट सोडून दुकानात रुळलो होतो. वहिनी चितेगावची. आई लहानपणीच गेलेली, बापूंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, एकट्यानं वाढवलेली. पैठण रस्त्याला कारखाने येऊ लागले होते, तरी बापूंची बागायत चांगली होती आणि घरात खाऊनपिऊन सुख होतं. वहिनी कमी बोलायची, पण बोलली की माझी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. मला उशीर झाला की ती शेवटची भाकरी तव्यावर न टाकता तशीच उंडा करून ठेवायची आणि मी पाटावर बसल्यावर थापायची. सोबत शेंगदाण्याची ओली चटणी आणि कांदा बुक्कीनं फोडलेला. "गार भाकरीवर माणूस वाढत नाय भावजी," ती म्हणायची, "तुम्ही आधीच वाळल्या शेंगेवानी."

अण्णा बाहेर नाणी वाजवत तेव्हा आत तिचे हात थांबत हे माझ्या लक्षात आलं, आणि त्यातून आमचा एक खेळ सुरू झाला. अण्णांचं काम झालं की मी एक खरी अशरफी आणि दुकानात नमुन्यादाखल ठेवलेली एक खोटी, अशा दोन्ही पाळीपाळीनं वाजवायचो. आतून वहिनी निकाल द्यायची. "ही खरी." थोड्या वेळानं, "ही खोटी. भावजी, फसवता का मला?" महिनाभरात तिचा कान इतका तयार झाला की अण्णा कौतुकानं म्हणाले, "सुधाकर, हिलाच दुकानात बसवू. तू भाकऱ्या थाप." ती लाजली, पण त्या रात्री जेवताना दादाला तिनं ते दोनदा सांगितलं. त्या खेळाची आठवण आता माझ्या छातीत रुतून बसली आहे. मी तिला जे शिकवलं ते अर्धवट होतं आणि तिनं ते पूर्ण विश्वासानं घेतलं.

वहिनीला सातवा महिना लागला त्या हिवाळ्यात अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून बरेच दिवस दवाखान्यात पडून राहावं लागे. दुकान माझ्यावर आलं. त्या दिवसांत एक मध्यम वयाचा गृहस्थ एक अशरफी घेऊन आला. हातात घेताच मला ती खटकली. वाजवली, आवाज मेलेला. वजनाला कमी. अक्षरं लोण्यात काढल्यासारखी गुळगुळीत. आणि कडेवर, जिथे बारीक खाचा असायला हव्यात तिथे, कानस फिरवलेली. साच्याची शिवण लपवायला ओतणारे हेच करतात. मी ती परत सरकवली आणि म्हणालो, "ये ढली हुई है, भाई." तो हसला. "क्या नजर पाए मियाँ. हौ, बाप का नाम रखे तुम." शेजारच्या पेढीवरच्यांनी हे ऐकलं. दोन दिवस सराफ्यात माझं नाव होत होतं. दवाखान्यात अण्णांना सांगितलं तर ते पट्टीखालून एवढंच म्हणाले, "भिंग लावलं होतं ना?" मी म्हणालो, लावलं होतं. लावलं नव्हतं. गरज पडली नव्हती.

त्याच आठवड्यात वहिनीची ओटी भरायची होती. अण्णा नाहीत म्हणून पुढे ढकलावी असं दादाचं म्हणणं होतं, पण पुढे चांगला दिवस नव्हता आणि ओटी भरून झाली की बापू तिला पहिल्या बाळंतपणाला चितेगावला नेणार होते. सकाळपासून घरात पुरण शिजत होतं, येळवणीला फोडणी बसली होती, अंगणात शेजारणींच्या चपला वाढत होत्या. बापू आपल्या भावजयीला घेऊन पहिल्या गाडीनं आले. पांढरं धोतर, वर इस्त्रीचा सदरा, हातात शेंगांचं पोतं. त्यांच्या चेहऱ्यावर एक दडवलेला आनंद होता. मला म्हणाले, "कसं काय सुधाकरराव, दुकान सांभाळता म्हनं एकटे. लई भारी." वहिनी हिरव्या लुगड्यात पाटावर बसली. आईनं ओटी भरली, शेजारणींनी भरली, मग तिच्या चुलतीनं तांदूळ, खण आणि नारळ घातला, आणि त्यावर एका लाल चिंधीतून सोडवून एक अशरफी ठेवली.

ती फार चमकत होती. पहिली गोष्ट मला दिसली ती ही.

"अगं बाई," शेजारच्या काकू म्हणाल्या, "हिच्या ओटीत तर निजामच आला की."

"माझ्या मायच्या गळ्यातली हाय," बापू दारातून म्हणाले. "तिनं मरंस्तोवर उतरवली नाय. म्हनली, मंगलच्या ओटीत घाल."

काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "मग पारखी घरातच असताना बघू द्या की. पाव्हणं, तुमची परीक्षा हाय आता." सगळ्या हसल्या. आईही हसली आणि कौतुकानं म्हणाली, "बघ रे सुधाकर. अण्णा असते तर त्यांनी बघितलीच असती." बापूही हसत होते. "बघू द्या, बघू द्या. शिकलेलं लेकरू हाय."

मी ती वहिनीच्या ओटीतून उचलली. तिनं माझ्याकडे मान वर करून बघितलं. तिला वाटलं असणार, आमचा खेळ आता सगळ्यांसमोर होणार.

मी बोटावर तोलली आणि वाजवली. आवाज बसका आला आणि लगेच विझला. बायका बोलत होत्या, त्यांना काही कळलं नाही. पण वहिनीला कळलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, ते तिथेच थिजलं. मी पुन्हा वाजवली. मग तळहातावर तोलून बघितली, हलकी लागली. अक्षरं मऊ, मिनारांची टोकं गेलेली. कड फिरवून बघितली तर खाचा नाहीत, कानस मारलेली. चार दिवसांपूर्वी हेच सगळं मी पाहिलं होतं आणि बरोबर ठरलो होतो. भिंग बाहेरच्या कपाटात होतं, उठून आणायला किती वेळ लागला असता. मी उठलो नाही. इतक्या लोकांसमोर भिंग शोधायला जाणं मला कमीपणाचं वाटलं.

"ही ओतीव आहे," मी म्हणालो.

"म्हंजी?" बापूंनी विचारलं.

"टाकसाळीतली नाही. साच्यात ओतून केलेली. तुम्हाला कुणीतरी फसवलंय, बापू."

बापूंना राग आला नाही. त्यांना नीट कळलंच नाही. "मला कोन फसवतंय," ते म्हणाले. "मी काय इकत घेतली व्हय? मायच्या गळ्यात व्हती. मी पाळन्यात असल्यापासून बघतो तिला." मग जरा पुढे येऊन, "दगडावर घासून बघा की."

"नाण्याला कसोटी लावत नाहीत," मी म्हणालो. शब्द अण्णांचे होते. ते अण्णांनी नाण्याच्या मायेपोटी शिकवले होते आणि मी ते एका म्हाताऱ्या माणसाचं तोंड बंद करायला वापरले.

आईनं पदर सारखा केला. तिला अपमान करायचा नव्हता, असं मला आजही वाटतं, पण शेजारणींसमोर तिला तिची बाजू सांभाळायची होती. "असू द्या व्याही," ती म्हणाली. "आम्ही कुठं मागितलं होतं काही? साधा रुपाया घातला असता तरी चाललं असतं."

बापूंनी माझ्या हातातून अशरफी घेतली. ते वहिनीसमोर उकिडवे बसले आणि जणू खोलीत दुसरं कुणी नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "माय, तुला काय वाटतं?"

ती आपल्या ओटीतल्या तांदळाकडे बघत होती. "बापू," ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता."

त्यांनी ती लाल चिंधीत गुंडाळली, गाठ मारली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. पंगतीत बसले, पण पोळी मोडून तशीच ठेवली. दुपारच्या गाडीचं निमित्त करून ते निघाले तेव्हा वहिनीच म्हणाली की तिला एवढा प्रवास झेपायचा नाही, बाळंतपण इथंच होऊ द्या. बापूंनी मान हलवली. एका लेकीनं पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणं नाकारलं आणि बापानं तिला एकदाही आग्रह केला नाही. मला तर तेव्हा आपण कर्तव्य केल्यासारखं वाटत होतं, आणि हे लिहिताना मला स्वतःची जी किळस येते ती शब्दांत मांडता येत नाही.

अण्णा घरी आल्यावर आईनं त्यांना सांगितलं. त्यांनी मला जवळ बोलावलं. जाड भिंगांचा नवा चष्मा त्यांना अजून सवयीचा झाला नव्हता, ते माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत बोलत होते. "कमानीत काय दिसलं?" मी म्हणालो, सगळंच बोथट होतं. "भिंगातून?" मी सतरंजीची सुरकुती सारखी करू लागलो. त्यांनी चष्म्याची काडी चाचपली. "बापूंना सांग, मला एकदा दाखवायला आणा म्हणावं." मी हो म्हणालो. निरोप पाठवला नाही.

वहिनीला मुलगी झाली, मीनल. बाळंतविडा माहेराहून आला, खसखशीचे लाडू, डिंक, टोपडं, सगळं नीट बांधलेलं, पण ते घेऊन वहिनीचा भाऊ आला. बारशाला बापूंना ताप होता. जावळाच्या वेळी पेरणी होती. वहिनी कारण ऐकून घ्यायची आणि आत जायची. आमचा खेळ त्या दिवसापासून बंद झाला होता. मी तो एकदा पुन्हा सुरू करून बघितला, दोन नाणी वाजवली. आत थापणं थांबलं नाही.

आता मी ते लिहितो जे लिहिण्यासाठी हे प्रकरण घेतलं आहे. नाणं चुकणं हा माझा उतावळेपणा होता; उतावळ्या माणसाला कधीतरी क्षमा मिळत असावी. पण मीनल रांगायला लागली होती तेव्हा, एका सकाळी, मी दुकानाची फळी उघडत असताना रस्त्यापलीकडे बापू उभे दिसले. एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीशी, उजवा हात बंडीच्या आत घातलेला. ते आमच्या दुकानाकडे बघत होते. अण्णा आत गादीवर होते, पण पाठमोरे. बापूंनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. मी हाक मारली असती, नुसता हात केला असता, तरी ते रस्ता ओलांडून आले असते. त्यांना काही मागायचं नव्हतं, फक्त अण्णांनी ती अशरफी एकदा बघायला हवी होती. मी खाली वाकलो आणि फळीचा अडसर सारखा करत बसलो. वर बघितलं तेव्हा ते गेले होते. मी मनाशी म्हणालो की बरं झालं, म्हाताऱ्याची दुसऱ्यांदा शोभा झाली असती. बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. खरं हे की त्या क्षणी मला भीती वाटली होती, आणि ती अशरफी खोटी निघेल याची नव्हे, खरी निघेल याची.

बापू त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. वहिनी चितेगावला पोचली तेव्हा ते बोलण्याच्या पलीकडे होते. दिवस झाल्यावर तिचा भाऊ तिला सोडायला आला आणि चहा घेताना त्यानं ती लाल चिंधी काढून सतरंजीवर ठेवली. "बापू म्हनले व्हते, तायडीला द्या. खोटी तर खोटी, आजीची हाय."

अण्णांनी हात पुढे केला. त्यांनी ती वाजवली नाही. भिंग घेतलं, खिडकीपाशी गेले आणि कमानीत बघत राहिले. मग कड फिरवून बघितली. मग मागची बाजू. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"मंगल," त्यांनी विचारलं, "याला कडी होती का गं?"

"व्हती मामंजी. आजी काळ्या दोऱ्यात घालायची."

"डाख देऊन जोडलेली कडी. नंतर काढलीय. तिथं मधे चीर गेलीय, म्हणून आवाज बसला." ते वाचल्यासारखं हळूहळू सांगत होते. "काढल्याची जागा दिसू नये म्हणून सोनारानं सगळ्या कडेला कानस फिरवली. मागची बाजू छातीवर घासून गेलीय. आणि वरून चिंचेनं, रिठ्यानं लई उजळलीय. कशाला एवढी उजळली?"

"बापूनंच उजळून आनली व्हती," वहिनी म्हणाली. "कडी बी काढायला लावली व्हती. ओटीत नवी दिसावी म्हनून."

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. "कमानीतलं अक्षर अजून बोटाला लागंल इतकं धारदार आहे," ते म्हणाले. "टाकसाळीची आहे ही. शंभर टक्के." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते मला ओरडले असते तर मी त्यांचा ऋणी राहिलो असतो. "तू हिचे हाल बघितलेस," ते म्हणाले. "हिला बघितलं नाहीस."

वहिनीनं अशरफी घेतली नाही. ती आत गेली. आम्ही सगळे बाहेर बसून होतो आणि आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास येत होता, पण उठून जाण्याची कुणाची हिंमत झाली नाही. बऱ्याच वेळानं मी दारापर्यंत गेलो. ती तव्यासमोर बसली होती, गॅस चालू होता. मी म्हणालो, "वहिनी." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं काय, भावजी. माझ्याच कानाला ती खोटी वाटली. बापूनं मला इचारलं व्हतं. माझा बाप खरा हाय का, एवढंच इचारलं व्हतं त्यांनी." तिनं करपलेली भाकरी चिमट्यानं उचलली आणि नीट बाजूला ठेवली, जणू ती कुणाला वाढायची होती.

दादा-वहिनी पुढे दादाच्या कंपनीजवळ बजाजनगरला राहायला गेले. अण्णा गेले, दुकान मी चालवतो. लोक नाणं टेबलावर ठेवून विचारतात, खरं आहे का, आणि मी त्यांना चहा देतो आणि भिंग काढतो. आवाज मी सगळ्यात शेवटी ऐकतो. त्या सकाळचं, रस्त्यापलीकडे बापू उभे होते ते, मी वहिनीला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती मला माफ करील, आणि ती माफी घेण्याची माझी लायकी नाही, असं मी इतकी वर्षं मानत आलो. आता वाटतं, हेही कदाचित फळीच्या अडसराशी खाली वाकण्यासारखंच असेल.

गेल्या महिन्यात मीनलची ओटी होती. आदल्या संध्याकाळी मी बजाजनगरला गेलो. मीनल सोफ्यावर पाय पसरून बसली होती, वहिनी आत भाकऱ्या थापत होती. मीनलनं डबीतून तीच अशरफी, वहिनीनं पुढे कधीतरी उचलून ठेवलेली, काढून माझ्या हातात दिली आणि चेष्टेनं म्हणाली, "काका, तपासा बरं. आमच्या पणजीचा माल आहे, खरा आहे ना?" तिला काहीच माहीत नाही, वहिनीनं तिला कधी काही कळू दिलं नाही. मी म्हणालो, खरी आहे बेटा. "असं नाही," ती म्हणाली, "आई सांगते तुम्ही वाजवून ओळखायचात. वाजवा."

मी बोटावर तोलली. वाजवली. तोच बसका आवाज, उमटला आणि विझला. आत थापणं थांबलं होतं. मी मान वर केली नाही.

"ही खरी," आतून वहिनी म्हणाली.

आणि थोड्या वेळानं पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.